जरबेरा दोन-तीन वर्षं टिकवायचा असेल तर

बुकेमधला जरबेरा माहितीच असेल सगळ्यांना, डेझीच्याच कुळातला, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, आणि आपल्याकडे तळेगाव-मावळात पॉलीहाऊसमध्ये भरपूर होतो. घरी मात्र फुलं बघून रोप आणतात, पहिल्याच पावसाळ्यात जातं, आणि मग सीझनल होतं असं म्हणून सोडून देतात. सीझनल नाहीये तो, नीट ठेवला तर दोन-तीन वर्षं आरामात फुलतो.

माझी पहिली दोन रोपं गेली ती लावण्याच्या चुकीने. रोप हातात घेऊन बघा, सगळी पानं एकाच जागेतून फुटतात, तिथे मधोमध बारीक लव असलेली कोवळी पानं आणि कळ्या दडलेल्या असतात, तो क्राऊन, म्हणजे झाडाचा गाभा. तो मातीच्या वर बोटाच्या पेराएवढा तरी दिसलाच पाहिजे. आपण सवयीने माती दाबून भरतो, गाभ्यात पाणी साचतं आणि आतून कुजतं, वरची पानं हिरवी असतात म्हणून कळतही नाही, मग एक दिवस अख्खं झाड हातात येतं. पाणी घातल्यावर माती खचते, तेव्हा लावताना थोडं उंचच लावा.

काळी माती नको, पाणी धरून ठेवते. लाल माती निम्मी, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जुनं शेणखत आणि मिळालं तर भाताचं तूस. पाणी सकाळी, कडेने, गाभ्यात अजिबात नाही. थंडीत पूर्ण ऊन चालतं, एप्रिल-मे मध्ये दुपारी हिरवी नेट लावा, तेव्हाच लाल कोळी ही बारीक कीड येते, पानं मागून बघत जा. पावसाळ्यात कुंडी सरळ छपराखाली.

फूल कात्रीने कापू नका प्लीज. देठ खाली धरून बाजूला वाकवून ओढला की बुडापासून सुटून येतो, कापला तर खुंट राहतो आणि कूज तिथून गाभ्यात उतरते. वाळलेली पानंही अशीच काढायची.

दोन वर्षांनी फुलं बारीक यायला लागली की पाऊस सरल्यावर झाड उपटून त्यातले गड्डे, म्हणजे एकमेकांना चिकटलेली रोपं, वेगळे करा, प्रत्येकाला मुळं हवीत, जुनी पानं कमी करून लावा आणि पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.