पुण्यातली बेरोजगारी वाढली की घटली, हे आकड्यांतून कसं ओळखायचं

आधी कोणतं पुणे मोजायचं ते ठरवा. चाकण-रांजणगावचे कारखाने महापालिकेच्या हद्दीत नाहीत, पण तिथली कपात भोसरी-मोशीच्या घरांत जाणवते. शिवाय हद्दही सरकते: पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. म्हणून बरीच वर्षं तोलायची असतील तर संपूर्ण जिल्हा घ्या, किंवा त्याचा शहरी भाग.

मूळ आकडे केंद्राच्या आवधिक श्रमशक्ती सर्वेक्षणात (पीएलएफएस) मिळतात. तक्त्यावर ‘साप्ताहिक स्थिती’ आहे की ‘नेहमीची स्थिती’, हे आधी बघा. साप्ताहिकमध्ये गेल्या 7 दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. दुसरी स्थिती 365 दिवसांवरून ठरते. एका वर्षाचा हा आणि पुढच्या वर्षाचा तो आकडा जोडून आलेख काढला, की ‘कल’ हवा तसा निघतो! जानेवारी 2025 पासून सर्वेक्षणाची रचनाही बदलली आहे, त्यामुळे आधीच्या मालिकेशी थेट तुलना करू नका.

आता दर. 15 वर्षांवरची 100 माणसं घ्या. 46 कामावर, 4 कामाच्या शोधात. दोन्ही मिळून श्रमशक्ती 50, त्यात बेरोजगारी 8 टक्के. पुढच्या वर्षी शोधणाऱ्यांपैकी दोघांनी कंटाळून शोध सोडला: श्रमशक्ती 48, बेरोजगार 2, दर 4.2 टक्के. कामावर तेच 46. बातमी मात्र ‘बेरोजगारी निम्म्यावर’ अशी छापून येईल. म्हणून दराशेजारी कामावर असलेल्यांचं प्रमाण लिहाच, आणि स्त्री-पुरुष वेगळे. शोध सोडणाऱ्यांत बायका किती, हे एकत्र आकड्यात दिसतच नाही.

जिल्ह्याचा दर स्वतः काढायचा तर सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कुटुंबनिहाय माहिती उतरवून घ्या, त्यातून जिल्हा आणि शहरी विभाग वेगळा काढा, आणि प्रत्येक नोंदीला तिचा भारांक (ती नोंद किती माणसांच्या वतीने धरायची तो आकडा) लावा. भारांक विसरलात तर उत्तर फक्त नमुन्याचं येतं, पुण्याचं नाही. मग नमुना मोजा. श्रमशक्तीतल्या 1000 नोंदींवर 6 टक्के दर आला, तर साध्या नमुन्यातही दोन्हीकडे सुमारे दीड टक्क्याची चूक संभवते. इथे नमुना टप्प्याटप्प्याने निवडलेला असल्याने बहुधा जास्तच. तेव्हा 6 वरून 5 झाले म्हणून पेढे वाटू नयेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करून बघा. महिन्याचे आकडे तोलताना मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या, कारण निकालानंतर नवे पदवीधर बाजारात उतरतात.

पीएफ खात्यांत किती नवे कामगार आले, याचे मासिक आकडे पूरक म्हणून ठीक. ते तात्पुरते असतात, नंतर बदलतात. कायदा साधारणपणे 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू, आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखालची मुलं त्यात येत नाहीत. मुख्य कार्यालय मुंबईत असलेली कंपनी पुण्यातल्या कामगारांचा पीएफ तिथूनच भरत असेल, तर ती भरती मुंबईच्या खात्यावर जाते.

‘महास्वयम’ या राज्य सरकारच्या रोजगार संकेतस्थळावरची नोंदणी बेरोजगारीचं माप म्हणून वापरू नका. नोकरी असलेलेही तिथे नाव नोंदवून ठेवतात आणि काम नसलेले कित्येक जण नोंदणीच करत नाहीत. मजूर अड्ड्यावर उभा असलेला माणूस तर त्यात क्वचितच सापडेल.