वसंतात नाक्सोसला जाताना बोटीचं गणित

एप्रिल-मे महिन्यात ग्रीसमधलं नाक्सोस बेट हिरवंगार असतं, गर्दी कमी आणि खोल्या स्वस्त. फसगत होते ती बोटीच्या तारखांत.

आधी ऑर्थोडॉक्स ईस्टर, म्हणजे ग्रीक चर्चचा ईस्टर, कधी आहे ते बघा. तो आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरला येईलच असं नाही. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. त्या आठवड्यात अथेन्सकर गावी निघतात, त्यामुळे तिकिटं खूप आधी काढा. 1 मे रोजी खलाशांचा संप बहुधा असतोच, म्हणून तो दिवस प्रवासाला धरूच नका.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठी बोट साधारण साडेपाच तास घेते, जलद बोट चारच्या आसपास. तरीही वसंतात मोठीच घ्या. वारा वाढला की जलद बोटी आधी रद्द होतात, आणि पोट ढवळतं ते वेगळंच. परतीच्या विमानाआधीची एक रात्र अथेन्समध्येच काढा.

समुद्राचं पाणी एप्रिलमध्ये 16-17 अंश, म्हणजे आपल्याला गारच. पोहायचंच असेल तर मे अखेर बरी. संध्याकाळसाठी वारा अडवणारं जाकीट हवं. खोलीत हीटर आहे का, हे बुकिंगआधी विचारा.

शाकाहाऱ्यांसाठी एक फायदा: ईस्टरआधीच्या उपवासात 'निस्तीसिमा' पदार्थ मिळतात. त्यांत मांस, अंडी, दूध नसतं. पण कोळंबी-माकूळ चालतं, तेव्हा विचारूनच मागवा.