रेंज फुल्ल, तरी नेट नाही : नागपुरात सार्वजनिक वायफाय वापरताना या चुका टाळा

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) कोणत्याही चहाठेल्यासमोर उभे राहा, हे दिसतंच. क्यूआर स्कॅन झाला, २० रुपये टाकले, पिन टाकला आणि चाक फिरतच राहिलं. "भाऊ, आले नाही अजून." फोनला फाइव्ह-जी आहे, रिचार्जही संपलेला नाही. मग अडलं कुठे? वर कोपऱ्यात वायफायचं चिन्ह दिसतंय तिथे. पूर्वी कधीतरी जोडलेलं मोफत वायफाय फोननं आपणहून पकडलं. त्याची लॉगिनची मुदत संपलेली असते, नाहीतर रेंज अगदी काठावरची. हे फोनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो, आणि तोवर ॲप त्याच वाटेनं जायला बघतं.

म्हणून पैसे देताना वायफाय बंद करा, पण नीट बंद करा. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधलं बटण वायफाय बंद करत नाही, फक्त जोडणी तोडतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ५ नंतर पुन्हा जोडू लागतं. कायमचं बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जावं लागतं. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या नावासमोरचं गिअर दाबून 'ऑटो-कनेक्ट' काढून टाका. बाहेरच्या प्रत्येक वायफायला हे एकदा करून ठेवलं की निम्मी कटकट संपते.

मधेच अडकलेला व्यवहार लगेच पुन्हा करू नका. आधी ॲपच्या हिस्टरीत तो 'पेंडिंग' आहे की 'फेल', ते पाहा. पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे व्यवहार पक्का झाला नाही, तर ते ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. व्यक्तीला पाठवलेले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ चा आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईही त्यातच आहे. घरटॅक्स किंवा पाण्याचं बिल भरताना लोक पान रिफ्रेश करून दोनदा पैसे भरतात. दोन्ही व्यवहार यशस्वी ठरले तर हा नियम कामाचा नाही, मग अर्ज करून समायोजनाची वाट बघत बसावं लागतं.

लॉगिनचं पान उघडतच नाही

सार्वजनिक वायफायच्या तक्रारींत रेंजपेक्षा हाच घोळ जास्त. नागपूर स्टेशनवर 'रेलवायर'ला, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला, जोडलं, 'कनेक्टेड' दिसलं आणि लोक थेट यूट्यूब उघडतात. काहीच होत नाही. लॉगिनकडे वळवणारी यंत्रणा साध्या एचटीटीपी पानालाच, म्हणजे सांकेतिक कुलूप नसलेल्या पानालाच, मधे अडवू शकते. आजची जवळपास सगळी संकेतस्थळं कुलूपबंद एचटीटीपीएसवर आहेत, तिथे तिला हात घालता येत नाही. फोननं 'साइन इन'ची सूचना दाखवली तर ठीक. नाही दाखवली तर ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' (neverssl.com) टाका. हे पान मुद्दामच एचटीटीपीवर ठेवलेलं आहे, त्यामुळे लॉगिनचं पान समोर येतं. तरी आलं नाही तर वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा असतो, तो ॲड्रेस बारमध्ये टाकून बघा.

यानंतरही अडलं तर तीन गोष्टी बघा: चालू राहिलेलं व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप), प्रायव्हेट डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) आणि फोनची चुकलेली तारीख. कोणीतरी सांगितलं म्हणून जाहिराती अडवण्यासाठी प्रायव्हेट डीएनएसमध्ये पत्ता भरलेला असतो आणि तो भरल्याचं नंतर आठवतही नाही. तो 'ऑटोमॅटिक'वर आणा, लॉगिन करा, मग हवं तर परत लावा.

ओटीपीची गंमत वेगळीच. लॉगिनची छोटी खिडकी उघडी असताना तुम्ही मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जाता आणि ती खिडकी बंद होते. आयफोनवर तर बरेचदा जोडणीही तुटते. परत आलात की पुन्हा नंबर, पुन्हा नवा ओटीपी, आणि जुना ओटीपी टाकून 'चुकीचा आहे'. ओटीपी वरून घसरणाऱ्या सूचनेतच वाचा, मेसेजचं ॲप उघडू नका. एअरप्लेन मोडवर वायफाय लावलं असेल तर एसएमएस येणारच नाही, तेही बघा.

लॉगिन झालं, अर्धा तास चाललं आणि मग बंद पडलं, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. स्टेशनवर दिवसाला पहिली ३० मिनिटं मोफत, तीही १ एमबीपीएसच्या वेगानं. पुढे पैसे. मार्च २०२१ मध्ये हे सशुल्क प्लॅन आले तेव्हा १० रुपयांत दिवसभरासाठी ५ जीबी, ३४ एमबीपीएसपर्यंत, असा सगळ्यात छोटा प्लॅन होता. तिकीट, पीएनआर, मेसेज यांना १ एमबीपीएस पुरतो. सिनेमा डाउनलोड करायला बसू नका.

फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावरच अडकला किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. गाडी फलाटावर लागली की शेकडो फोन एकदम जोडले जातात. 'फर्गेट' करून मिनिटभरानं पुन्हा जोडा, किंवा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जा.

लॉगिनच्या पानाला तुमचा मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो, बाकी काही नाही. यूपीआय पिन मागितला, कार्डाचा नंबर 'पडताळणीसाठी' मागितला किंवा एपीके (ॲपची फाइल) उतरवायला सांगितलं, तर ते वायफाय नव्हे, सापळा आहे. नेटवर्कला कोणीही कोणतंही नाव देऊ शकतो. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानात वायफाय ठेवणाऱ्यांसाठी

दुकानाचा पासवर्ड गल्ल्यामागे चिकटवलेला असतो, आणि त्याच नेटवर्कवर बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर (डीव्हीआर). असं करू नका. गिऱ्हाइकांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं काढा, त्यात 'एपी आयसोलेशन' चालू करा, म्हणजे जोडलेले फोन एकमेकांना दिसत नाहीत. तरी एक धोका उरतोच: त्या जोडणीवरून कोणी काही उद्योग केला तर पोलीस आयपीवरून तुमच्या नावापर्यंत येतात. पीएम-वाणी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेत (२०२० पासून) वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचं काम एग्रिगेटर (पीडीओए, म्हणजे अशा अनेक दुकानांचं वायफाय सांभाळणारी कंपनी) आणि ॲप करतात. दुकानदाराला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. एखाद्या पीडीओएशी जोडून घ्यायचं आणि त्याला चालणारा राउटर लावायचा, झालं.

राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे फोनना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, बरेचदा १०० ते १९९ असे १०० च पत्ते असतात आणि मुदत २४ तासांची. दुकानात ५ मिनिटं थांबून गेलेल्या गिऱ्हाइकाचा फोनही दिवसभर एक पत्ता अडवून ठेवतो. गर्दीच्या दिवशी दुपारीच पत्ते संपतात, आणि मालक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. मुदत ३० मिनिटांवर आणा.

आता आपल्या गावचा खास दोष: कूलर. एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो आणि राउटर नेमका त्याच्यामागच्या फळीवर असतो. पत्र्याची बॉडी, तळाशी टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंना भिजलेल्या पॅड. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. मार्चपर्यंत ठेल्यापर्यंत पोचणारं वायफाय मे महिन्यात दारातच संपतं, ते यामुळे. राउटर कूलरच्या रेषेतून काढून २ ते अडीच मीटर उंचीवर, आतल्या भिंतीला लावा. उन्हात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला नको. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलंच एक ठेवा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'ऑटो'वर ४० झाली तर निम्म्याहून जास्त पट्टा तुम्ही एकटेच अडवता आणि शेजारच्या चार दुकानांशी भांडत बसता.

वीज जाते म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतात आणि त्यावर फक्त राउटर लावतात. भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, तसाच साध्या प्लगवर. वीज गेली की वायफाय दिसतं, इंटरनेट नसतं. दोन आउटपुटचा यूपीएस घ्या, आणि घेण्याआधी दोन्ही ॲडाप्टरांवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा: ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची पिन बसते, पण राउटर जळू शकतो.