बनावट चेक नकळत वटवला गेला तर खातेदाराने काय करावे

गोव्यातील मांद्रे येथे पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या एका गृहस्थांचे कल्पित उदाहरण घेऊ. महिनाभराच्या वास्तव्याचे भाडे ६०,००० रुपये ठरले होते. पाहुण्याने मात्र १,२०,००० रुपयांचा चेक कुरियरने पाठवला आणि वरची रक्कम आपल्या गाडीवाल्याला यूपीआयने द्यावी, असा निरोप दिला. चेक खात्यात जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर आला, तेव्हा गृहस्थांनी ६०,००० रुपये पुढे पाठवले. दहा दिवसांनी बँकेने त्यांच्या खात्यावर होल्ड लावला, म्हणजे पैसे काढण्यावर रोक आणली, कारण तो चेक मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या चेकची हुबेहूब नक्कल करून छापलेला होता. पाहुणा आलाच नाही आणि त्याचा फोनही बंद झाला.

अशा वेळी माणसाच्या मनात दोन प्रश्न एकदम उभे राहतात : मला अटक होईल का, आणि पैसे परत द्यावे लागतील का? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळल्यामुळे घाबरलेला माणूस एक तर सगळे लपवतो, नाही तर दबावाखाली नको ते कबूल करून बसतो. आपल्याला ठाऊक नव्हते ही गोष्ट गुन्हेगारी जबाबदारीपासून वाचवू शकते. पैशाच्या जबाबदारीपासून ती बहुधा वाचवत नाही.

गुन्हा कशाने ठरतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता हा गुन्हे आणि शिक्षा यांचा कायदा लागू आहे. त्यानंतरच्या घटनांना तिच्यातील कलम ३१८ (फसवणूक), कलम ३३६ आणि ३३८ (बनावट दस्तऐवज तयार करणे) आणि कलम ३४० (बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे) ही कलमे लागू शकतात. चेक हा कायद्याच्या भाषेत मूल्यवान रोखा असल्यामुळे कलम ३३८ खालील शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि म्हणूनच नोटिशीत हा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. परंतु या सर्व कलमांचा पाया अप्रामाणिक किंवा कपटी हेतू हा आहे. चेक बँकेत भरणाऱ्याला तो बनावट असल्याचे ठाऊक नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर केवळ चेक भरल्याने तो गुन्हेगार ठरत नाही.

येथे ‘तसे मानण्यास कारण’ हे शब्द नीट वाचावेत, कारण सगळी लढाई त्यांच्यावरच होते. कलम ३४० मध्ये, तसेच चोरीची मालमत्ता स्वीकारण्याविषयीच्या कलम ३१७ मध्येही, प्रत्यक्ष ज्ञानाबरोबर हाही निकष आहे. पोलीस पाहतील ते असे : चेकवरील खातेदाराचे नाव आणि तुमच्याशी बोलणाऱ्याचे नाव जुळत होते का, ठरलेल्या रकमेपेक्षा चेक मोठा का होता, उरलेली रक्कम तिसऱ्याला पाठवण्याची घाई कुणी केली, आणि या कामाबद्दल तुम्हाला काही कमिशन मिळाले का. माझ्या मते यातील शेवटचा मुद्दा सर्वांत घातक आहे. खोलीचे भाडे घेणारा माणूस आपला व्यवहार समजावून सांगू शकतो. ‘चेक तुझ्या खात्यात भर, पाच टक्के ठेव आणि बाकी रोख दे’ या बोलीला होकार देणाऱ्याला असा कोणताही व्यवहार दाखवता येत नाही.

बेअरर चेकच्या, म्हणजे जो घेऊन येईल त्याला पैसे मिळणाऱ्या चेकच्या, बाबतीत तर अधिकच जपावे. ओळखीचा माणूस ‘माझे इथे खाते नाही, तेवढा चेक काउंटरवर वटवून दे’ असे म्हणतो आणि आपण भिडेखातर जातो. चेकच्या पाठीमागे सही आपली राहते, सीसीटीव्हीत चेहरा आपला राहतो, आणि तो ओळखीचा माणूस कागदावर कुठेही नसतो. अशी मदत नम्रपणे नाकारावी. ज्याचा चेक आहे त्याने स्वतः बँकेत यावे.

पैसे परत का द्यावे लागतात

खातेदाराची सही खोटी असेल, तर तो चेक म्हणजे बँकेला दिलेला आदेशच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या प्रकरणात हेच तत्त्व मांडले : बनावट सहीच्या चेकवर बँकेला ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यामुळे ज्याच्या नावाची नक्कल झाली त्या व्यापाऱ्याला त्याची बँक रक्कम भरून देते, आणि मग ती रक्कम जिथे गेली त्या खात्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, वळते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करावे लागतात, आणि त्यासाठी घेणाऱ्याचा दोष सिद्ध करण्याची गरज नसते.

सही खरी पण आकडा खोडून वाढवलेला असेल, तर प्रश्न थोडा बदलतो. चेकसारख्या कागदांविषयीच्या परक्राम्य संलेख कायदा, १८८१ च्या कलम ८७ नुसार महत्त्वाचा फेरबदल तो कागद (संलेख) निष्प्रभ करतो, मात्र फेरबदल डोळ्यांना दिसत नसेल आणि पैसे रीतसर दिले गेले असतील, तर कलम ८९ पैसे देणाऱ्या बँकेला संरक्षण देते. तुम्ही त्या चेकच्या बदल्यात माल किंवा सेवा प्रत्यक्ष दिली असेल, तर तोही मुद्दा वकिलामार्फत मांडण्यासारखा आहे. परंतु मांद्र्याच्या उदाहरणात पाहुणा आलाच नाही, आणि ६०,००० रुपये एका अनोळखी माणसाला गेले. बँक १,२०,००० मागेल आणि त्यातील अर्धे त्या गृहस्थांच्या स्वतःच्या कमाईतून जातील, ही शक्यता त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी धरावी.

‘बँकेनेच तर पैसे जमा केले, मग चूक बँकेची’ हा युक्तिवाद सगळेच करतात. तो समजण्यासारखा आहे, पण पुरेसा नाही. आता चेक कागदाच्या रूपाने दुसऱ्या बँकेत जात नाही. तुमची बँक त्याची प्रतिमा पाठवते आणि मूळ चेक स्वतःकडे ठेवते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून हे क्लिअरिंग दिवसभर अखंड चालते आणि पैसे बहुधा त्याच दिवशी जमा होतात. हा वेग सोयीचा आहे, परंतु नक्कल चांगली असेल तर तीही त्याच वेगाने वटते. खरा खातेदार पासबुक पाहील आणि तक्रार करील, तोपर्यंत काही दिवस गेलेले असतात.

कळल्यानंतरचे पहिले तास

चेकबद्दल शंका आल्याच्या क्षणापासून तुमची कायदेशीर स्थिती बदलते. त्यापूर्वी खर्च केलेले पैसे अजाणता खर्च झाले असे म्हणता येते. त्यानंतर काढलेला एकेक रुपया जाणूनबुजून काढलेला ठरतो. म्हणून त्या रकमेला हात लावू नये, दुसऱ्या खात्यात वळवू नये, घरच्यांच्या नावावरही टाकू नये.

पैसे यूपीआयने किंवा नेट बँकिंगने पुढे गेले असतील, तर सर्वांत आधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पुढच्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती अडवली जाऊ शकते, आणि तिथे मिनिटांना महत्त्व असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते.

त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकांना पत्र द्यावे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणाला आठवत नाही. पत्रात चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम, तो कुणाकडून व कशासाठी मिळाला, शंका केव्हा व कशामुळे आली, एवढे साध्या भाषेत लिहावे आणि चेकच्या दोन्ही बाजूंची प्रत मागावी. ‘माझी चूक झाली, मी जबाबदार आहे’ अशी वाक्ये त्यात घालू नयेत. घडले ते घडले तसे सांगावे.

कुरियरचे पाकीट, पे-इन स्लिप, व्हॉट्सॲपवरील संभाषण, खोलीच्या बुकिंगची नोंद, यूपीआयचे व्यवहार क्रमांक हे सर्व ठेवावे. लाजेने किंवा रागाने संभाषण पुसून टाकणारे अनेक असतात, आणि त्यांच्या निर्दोषतेचा सर्वांत चांगला पुरावा त्याबरोबर जातो. रक्कम परत करायची वेळ आली, तर ती बँकेमार्फत आणि लेखी पावती घेऊनच करावी. ‘मीच खरा खातेदार, पैसे या नंबरवर पाठवा’ असा फोन आला तरी पाठवू नये, नाही तर तीच रक्कम दोनदा भरावी लागेल.

नोटीस आल्यास

तक्रारदार बाहेरगावचा असेल तर नोटीस परराज्यातील पोलीस ठाण्यातून येऊ शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील नोटीस म्हणजे अटक नव्हे. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला त्या गुन्ह्यासाठी एरवी अटक करता येत नाही, आणि करायचीच झाल्यास पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. अशी नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. व्हिडिओ कॉलवरून धमकावून केली जाणारी ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. तरीही मोबाईलवर आलेली नोटीस खोटीच समजून फेकून देऊ नये. त्या ठाण्याचा अधिकृत क्रमांक शोधून खात्री करावी.

जबाब देण्यापूर्वी वकिलाला भेटावे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करण्याचे बंधन नसते आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अटकेची खरी शक्यता दिसत असेल, तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा पर्वरी येथे बसणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

खाते गोठवले असेल, तर ते कोणाच्या पत्रावरून, कोणत्या गुन्ह्यात आणि किती रकमेपुरते, हे बँकेकडून लेखी घ्यावे. वाद १,२०,००० रुपयांचा असताना संपूर्ण खाते बंद राहिले, तर घरचा किराणा आणि मुलांची फी अडते. होल्ड वादातील रकमेपुरताच ठेवावा, अशी मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी करावी, आणि तिला दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही. होल्ड उठल्यावर तसे पत्र बँकेकडून घ्यावे आणि प्रकरण पूर्ण निकाली निघेपर्यंत सर्व कागद एकाच फायलीत ठेवावेत.