कोड बरोबर, तरी नकार? सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीत या चुका टाळा

माझी पहिली मोठी मुलाखत पवईत झाली. डोंबिवलीहून निघालो, कांजूरमार्गला फास्ट थांबत नाही म्हणून मुद्दाम स्लो पकडली, उतरून रिक्षा केली आणि पाऊण तास आधी गेटवर हजर. समोरच्याने फळ्यावर प्रश्न लिहिला. मी मार्कर उचलला आणि वीस मिनिटं तोंडातून अक्षर न काढता लिहीत राहिलो. उत्तर बरोबर आलं. आठवड्याने नकाराचा मेलही आला. घरी सांगून टाकलं, "त्यांचं आधीच ठरलेलं असतं."

काही वर्षांनी मी स्वतः मुलाखती घ्यायला लागलो तेव्हा भानगड कळली. उमेदवार बाहेर पडला की घेणाऱ्याला टिपण लिहावं लागतं. प्रश्न कसा समजून घेतला, कुठले पर्याय तोलले, इशारा दिल्यावर काय केलं, चूक स्वतःच पकडली का. निर्णय बहुतेक वेळा त्या एकट्याच्या हातात नसतो, चार-पाच जणांची टिपणं एकत्र वाचली जातात. गूगलमध्ये तर उमेदवाराला कधी न भेटलेली समिती ती वाचते. ॲमेझॉनमध्ये 'बार रेझर' म्हणून, निवडीचा दर्जा राखायला, एक माणूस मुद्दाम दुसऱ्या टीममधून बसवतात. म्हणजे तुम्ही काय विचार केलात ते टिपणात उतरलं नाही, तर त्यांच्या लेखी तुम्ही तो केलाच नाही. माझ्या त्या वीस मिनिटांवर त्या बिचाऱ्याने काय लिहिलं असेल?

प्रश्न ऐकताच कोड सुरू

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. प्रश्न मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. समजा विचारलं, "आकड्यांची यादी आहे, बेरीज अमुक होईल असे दोन आकडे शोधा." शंभरातले बरेच जण लगेच 'फॉर' टाइप करायला घेतात. थांबा. यादी क्रमाने लावलेली आहे का? ऋण आकडे आहेत का? एकच आकडा दोनदा वापरला तर चालेल? अशा जोड्या अनेक असल्या तर एक द्यायची की सगळ्या? आणि यादी केवढी आहे?

या शेवटच्या प्रश्नावर सगळा डाव फिरतो. प्रत्येक आकडा दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहायचा तर शंभरच्या यादीत काहीच अडत नाही. यादी 1 लाखाची असेल तर जोड्या होतात सुमारे 500 कोटी. ढोबळ हिशेब म्हणून सेकंदाला 10 कोटी साध्या क्रिया धरतात, म्हणजे जवळपास मिनिटभर वाट बघा. हॅशमॅपमध्ये, म्हणजे टाकलेलं लगेच सापडेल अशा नोंदवहीत, पाहिलेले आकडे टाकत गेलं तर यादीवरून एकच फेरी पुरते, फक्त मेमरी जास्त लागते. हे सगळं मोठ्याने बोला. आधी साधा, हळू उपाय सांगायला लाजू नका. "हे चालेल, पण मोठ्या यादीला झेपणार नाही, म्हणून..." या एका वाक्याने घेणाऱ्याच्या टिपणाच्या दोन ओळी भरतात.

कोड लिहून झाला की "डन" म्हणून हात झटकणं ही पुढची चूक. रिकामी यादी देऊन बघा, एकाच आकड्याची देऊन बघा, मग एक छोटं उदाहरण घेऊन ओळीओळीने बोट ठेवत चला. साध्या कोडमध्येही किडा लपतो. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधताना, मधली जागा काढायला आपण दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागतो. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज 32 बिटांच्या पूर्णांकाची 2147483647 ही मर्यादा ओलांडते आणि ऋण होते. ही चूक जावा या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं पडून होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच 2006 मध्ये तिच्यावर लिहिलं तेव्हा भल्याभल्यांनी आपापला कोड उघडून पाहिला. खालचं टोक अधिक फरकाचा अर्धा, असं लिहिलं की प्रश्न मिटतो. पायथनमध्ये ही अडचण येत नाही, पण माहीत असेल तर जरूर बोलून दाखवा.

इशारा कळत नाही

"तुम्हाला खात्री आहे का?" असं घेणाऱ्याने विचारलं की आपली मुलं दोन टोकांपैकी एक गाठतात. एक तर "हो सर, शंभर टक्के", नाही तर घाबरून सगळं खोडून टाकतात. बहुतेक वेळा तो मदतीचा हात असतो. सातव्या ओळीत काहीतरी चुकलंय, जरा बघ, एवढंच त्याला म्हणायचं असतं. "एक मिनिट, तपासतो" म्हणा आणि खरंच तपासा. तुमचंच बरोबर निघालं तर का बरोबर ते शांतपणे सांगा. समोरचाही चुकतो, मीही चुकलो आहे.

सिस्टीम डिझाइनमध्ये आधीच दुकान मांडणं

अनुभवी उमेदवारांना हा राउंड असतो, एखादी पूर्ण सिस्टीम कशी बांधाल ते विचारतात. मी एकदा विचारलं, मुंबईच्या लोकलच्या तिकिटांचं ॲप कसं बांधाल? पुढच्या तीन मिनिटांत काफ्का, शार्डिंग, मायक्रोसर्व्हिसेस, अवाढव्य सिस्टीमसाठीचा सगळा माल फळ्यावर. रोज किती तिकिटं निघतात हे एका शब्दाने विचारलं नाही. समजा 50 लाख धरू. दिवसाचे सेकंद 86400, म्हणजे सरासरी सेकंदाला 58. पण लोकल सरासरीवर चालत नाही हे मुंबईकराला कुणी शिकवायला नको. अर्धी तिकिटं सकाळ-संध्याकाळच्या चार तासांत निघाली तर आकडा 174 च्या आसपास जातो. आणि पासवाले रोज तिकीट काढतच नाहीत, त्यांना यात धरायचं का? एवढा ताण एक चांगला डेटाबेस सहज पेलतो. खरी डोकेदुखी वेगळीकडे आहे: पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही तर काय, प्लॅटफॉर्मवर नेटवर्क नसेल तर टीसीला काय दाखवायचं. तो उमेदवार तिकडे वळलाच नाही. याच शहरात रोज धक्के खाणारा माणूस होता, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

"आम्ही केलं"

ही खास आपली चूक. लहानपणापासून शिकवलेलं असतं, मी मी करू नये. मग "तुमच्या प्रोजेक्टमधली कठीण अडचण सांगा" म्हटलं की उत्तर येतं, "आम्ही सर्व्हर बदलला, आम्ही क्वेरी सुधारली." त्यातलं तुमचं किती? ते कळलं नाही तर घेणारा सरळ 'काही नाही' धरतो. टीमने काय केलं ते एका वाक्यात उरका आणि मग बिनदिक्कत 'मी' म्हणा. मी लॉग वाचले, डेटाबेसमध्ये इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, नव्हता हे मला दिसलं, पान उघडायला आठ सेकंद लागत होते ते एकावर आले. ही बढाई नव्हे, साक्ष आहे. अपयश विचारलं तर खरं सांगा. "मी फार परफेक्शनिस्ट आहे" हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत.

इंग्रजीची धास्ती मराठी शाळेतून आलेल्या कित्येकांना असते, मलाही होती. पाठ केलेली लांबलचक वाक्यं पहिल्या उलटप्रश्नाला कोसळतात. छोटी वाक्यं बोला. व्याकरण चुकलं तर कुणी गुण कापत नाही, पण विचार अर्धवट गिळलात तर कापले जातात. सराव मित्रासमोर बसून करा, आरशासमोर नको. आरसा उलट प्रश्न विचारत नाही.

ऐनवेळी गाडी अडली तर

डोकं कोरं झालं: हातात आहे ते मोठ्याने मांडा, छोटं उदाहरण हाताने सोडवा. तिथून बहुतेक वेळा धागा सापडतो. दोन मिनिटं विचाराला हवी असतील तर मागून घ्या, न सांगता गप्प होऊ नका.

प्रश्न आधी सोडवलेला निघाला: सांगून टाका. आठवायचं नाटक लगेच कळतं. दुसऱ्या स्क्रीनवरून उत्तर वाचणाऱ्याचे डोळे तर त्याहून आधी सांगतात.

मुलाखत घरून असेल: मुंबईच्या घरात ही वेगळीच परीक्षा. कुकर, शेजारचं ड्रिलिंग, गणपतीच्या दिवसांत मंडळाचा स्पीकर. वेळ ठरवताना इमारतीत पाणी कधी येतं तेही बघा. ऐन मुद्द्यावर आईने "अरे, पिंप भरलं का?" विचारलेला उमेदवार मी पाहिला आहे. तो हसला, आम्हीही हसलो, आणि तो निवडला गेला. वायफाय गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला असू द्या, आणि रिक्रूटरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. साधा, रंग न देणारा एडिटर वापरूनही सराव करा, तिथे पुढचा शब्द सुचवणारं कुणी नसतं.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. इस्त्रीचा शर्ट पुरे.

अनुभवाच्या तारखा मात्र वाढवू नका. पडताळणीत पीएफच्या नोंदी बघतात, सहा महिन्यांची थाप तिथे उघडी पडते आणि हातात आलेली ऑफर जाते. नोटीस पीरियड 90 दिवसांचा असेल तर रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. आणि मुलाखतीच्या नावाने कुणी डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी मागितली तर फोन ठेवून द्या, मोठी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

नकार आला तर बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो. त्याच संध्याकाळी, आठवतंय तोवर, विचारलेले प्रश्न आणि तुम्ही मोठ्याने नेमकं काय बोललात ते वहीत उतरवा. मी पवईहून परतताना ट्रेनमध्ये उतरवलं होतं. प्रश्न पानभर झाले होते. बोललो काय, तिथे चार शब्द.