रोम बघायचं तर आधी कोलोसियमची वेळ पक्की करा

रोमचं विमानाचं तिकीट काढलं की हॉटेलच्याही आधी कोलोसियमची तारीख आणि वेळ ठरवा. बाकी सगळं त्याभोवती बसवता येतं, उलटं जमत नाही. अधिकृत संकेतस्थळावर (टिकेटिंग डॉट कोलोसेओ डॉट इट) तिकिटं ३० दिवस आधी खुली होतात आणि गर्दीच्या मोसमात भराभर संपतात. साधं तिकीट १८ युरोंचं. त्यात ठरलेल्या वेळी कोलोसियममध्ये एकदा प्रवेश, शिवाय शेजारचा रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडी येते. हे तिकीट २४ तास चालतं. तळघर बघायचं असेल तर वेगळं, महाग तिकीट लागतं आणि तेच सगळ्यात आधी संपतं.

तिकीट नावानिशी असतं. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाका, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर तेही. दारावर मूळ ओळखपत्र मागतात. मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत आणि सुरक्षा तपासणीला रांग असते, म्हणून अर्धा तास आधी पोचा. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात कोलोसियमपुढे ‘बाहेरून दर्शन’ लिहिलेलं असेल, तर ते तिकीट स्वतः काढायचं आहे असं समजा.

शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. मेट्रोच्या बी लाइनवर ‘कोलोसेओ’ स्टेशनला उतरलं की वास्तू समोरच उभी असते. लगेच आत घुसू नका. उत्तरेकडच्या, म्हणजे पूर्ण उंची शाबूत असलेल्या बाजूला तळमजल्याच्या कमानींवर मान वर करून बघा. तिथं रोमन आकडे कोरलेले आहेत, २३ पासून ५४ पर्यंत. हे प्रवेशद्वारांचे नंबर. मूळच्या ८० कमानींपैकी ७६ ना नंबर होते आणि आपापल्या दारातून आत जायचं अशी प्रेक्षकांची सोय होती. ३८ आणि ३९ च्या मधली कमान मात्र बिननंबरी आहे, कारण ते मानाचं दार होतं.

भिंतभर दिसणारी भोकं गोळ्यांची नाहीत. दगडी चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते, ते लोखंड मध्ययुगात लोकांनी उकरून नेलं. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली आणि तिचे चिरे शहरातल्या नव्या बांधकामांत गेले. रोममध्ये प्रत्येक वास्तूसमोर हाच प्रश्न विचारावा: बाकीचं गेलं, मग हे का राहिलं? उत्तर बहुतेक वेळा तिथंच डोळ्यांसमोर असतं.

आत दीड तास पुरे. बाहेर पडल्यावर फोरमच्या मुख्य दाराकडे न जाता कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून व्हिया दि सान ग्रेगोरिओ रस्त्याला लागा. तिथल्या दाराला रांग सहसा लहान असते आणि चढ आधीच उरकतो. पॅलाटाइन टेकडीवर फार्नेसे बागेच्या कठड्यापाशी थांबा. खाली अख्खा फोरम पसरलेला दिसतो आणि कुठं काय आहे ते एकदा कळलं की खाली उतरल्यावर गोंधळ होत नाही. वरून न बघता थेट खाली गेलेल्यांना फोरम म्हणजे नुसता दगडांचा ढीग वाटतो.

उतरल्यावर सम्राट टायटसच्या कमानीच्या आतल्या अंगाचं कोरीवकाम बघा. जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेला सात फांद्यांचा दीपवृक्ष मिरवणुकीत चाललाय. पुढे उजव्या हाताला सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांचं देऊळ लागतं. त्याच्या खांबांमागे नंतर उभ्या राहिलेल्या चर्चचा दरवाजा आहे, पण तो आजच्या जमिनीपासून कितीतरी वर अधांतरी लटकलेला. दरवाजा बसवला तेव्हा फोरम मातीनं भरत आला होता आणि जमीन तेवढी वर होती. उत्खननात माती निघाली, दरवाजा वरच राहिला. देऊळ टिकलं ते चर्च झालं म्हणून. सिनेटची इमारत, कुरिया, तीही याच कारणानं उभी आहे.

फोरममध्ये सावली जवळजवळ नाही. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी एकच्या आत बाहेर पडा. पाण्याची एकच बाटली पुरते, कारण रोमभर ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात आणि पाणी पिण्याचंच असतं. तोंडाशी बोट दाबून धरलं की वरच्या लहान भोकातून पाण्याची धार उसळते, वाकावं लागत नाही. बूट जाड तळव्याचे घाला. काळ्या दगडी फरसबंदीवर पातळ तळवा दुपारपर्यंत पायांना जाणवतो.

तिथून कॅपिटोलाइन टेकडीवर जा. चौकातला सम्राट मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा प्रतिकृती आहे, अस्सल ब्राँझ शेजारच्या संग्रहालयात. मध्ययुगात असे पुतळे वितळवले गेले. हा वाचला, कारण लोकांना तो पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन वाटला. चौकातल्या राजवाड्याच्या बाजूनं मागे गेलं की फोरमचं दर्शन फुकट मिळतं, संध्याकाळी सर्वांत छान.

कोलोसियमजवळचं सान क्लेमेंते चर्च बहुतेकजण वगळतात, तसं करू नका. वर १२ व्या शतकातलं चर्च, त्याखाली ४ थ्या शतकातलं, त्याच्याही खाली रोमन घरं आणि मिथ्रास या रोमन काळातल्या देवाचं देऊळ. सगळ्यात तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. खालच्या मजल्यांना तिकीट आहे, फोटो काढू देत नाहीत, आणि दुपारी काही वेळ बंद असतं.

पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन रोमन देवळाला दुसरा दिवस द्या. तिकीट ५ युरो. दर्शनी पट्टीवर अग्रिप्पाचं नाव असलं तरी आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली, इ.स. १२६ च्या आसपास पुरी झालेली. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून माथ्यावरच्या उघड्या छिद्रापर्यंतची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर. काँक्रीटमध्ये लोखंड अजिबात नाही. खाली जड दगडाची खडी, वर जाताना हलकी, माथ्याला प्युमिससारखा सच्छिद्र दगड, म्हणून घुमट स्वतःचं वजन पेलतो. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं आणि तो वाचला.

माथ्याच्या छिद्रातून येणारा उन्हाचा झोत कधी बघायचा, हे मात्र आधी ठरवून जा. एप्रिलअखेर ते ऑगस्ट या काळात दुपारी एकच्या सुमारास तो खाली फरशीवर उतरतो. २१ एप्रिलच्या आसपास नेमका दारावर पडतो. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की झोत घुमटाच्या आतल्या बाजूलाच अडतो. पाऊस असला तरी जा. पाणी सरळ आत पडतं आणि फरशीतल्या बारीक भोकांतून वाहून जातं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत.

त्रेव्ही कारंजं पहाटे उजाडता उजाडता गाठा, नंतर कठडासुद्धा दिसत नाही. स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो.

व्हॅटिकनसाठी वेगळा दिवस ठेवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो, कारण संग्रहालयाचं दार सेंट पीटर चौकात नाही. ते भिंतीच्या पलीकडे व्हियाले व्हातिकानोवर आहे आणि चौकातून तिथं चालत जायला पंधरा मिनिटं लागतात. संग्रहालय एरवी रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, पण रांग इतकी की तो दिवस टाळलेलाच बरा. संग्रहालयातल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये फोटोला बंदी आहे. सेंट पीटर बॅसिलिका फुकट आहे, तिथं सकाळी सात-साडेसातला पोचा; बुधवारी सकाळी पोपचं जाहीर दर्शन असलं तर चौक भरलेला असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. पातळ ओढणी जवळ ठेवली की काम भागतं. घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी शेवटच्या ३२० चढाव्याच लागतात आणि वरचा जिना अरुंद, घुमटाच्या वळणाबरोबर कलत जाणारा आहे. ज्यांना बंद जागेचा त्रास होतो त्यांनी लिफ्टनं गच्चीपर्यंतच जावं.