डिझाइन बदललं, जनरेट केलेला कोड जुनाच?

इंदूरला विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात परवा स्कीमामध्ये, म्हणजे ज्यावरून जनरेटर नावाचं टूल आपोआप कोड लिहितं त्या डेटाच्या डिझाइनमध्ये, ‘पिनकोड’चं फील्ड वाढलं, पण गिटमधली (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) जनरेट केलेली फाइल तशीच राहिली. चूक शोधण्यात अख्खी दुपार गेली. आता असं करतो:

१. जनरेट झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. आपला कोड वेगळ्या फाइलीत. सी-शार्पमध्ये त्यासाठी पार्शल क्लास (एकच क्लास अनेक फाइलींत लिहायची सोय) आहेच.

२. प्रत्येक पुल रिक्वेस्टला (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे कोड आपोआप तयार करून तपासणाऱ्या मशीनवर, कोड नव्याने जनरेट करायचा आणि लगेच ‘गिट स्टेटस --पोर्सलेन’ चालवायचं. त्यात बदललेल्या आणि नव्या फाइलींची यादी येते; एक ओळ जरी आली तरी बिल्ड फेल. फाइलींमधला फरक दाखवणाऱ्या नुसत्या ‘गिट डिफ’वर विसंबू नका, नव्यानेच तयार झालेली फाइल त्यात दिसत नाही.

जनरेटरची आवृत्ती मात्र सगळ्यांकडे एकच हवी, नाहीतर डिझाइनला कुणी हात न लावताही फरक दिसू शकतो.